सातवी-आठवीची मुलं गोष्ट लिहायला बसतात तेव्हा

तेरा वर्षांच्या मुलाला ‘गोष्ट लिही’ म्हटलं की तो आधी समास आखतो. मग पानाच्या मधोमध शीर्षक, त्याखाली दुहेरी रेघ, आणि पहिलं वाक्य: ‘रामपूर नावाचे एक छोटेसे गाव होते. तेथे एक गरीब शेतकरी राहत होता.’ या रामपुरात तो कधी गेलेला नसतो. तिथल्या शेतकऱ्याने काय पेरलंय, विहिरीला पाणी किती, सोसायटीचं कर्ज फिटलं का, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. आणि बऱ्याचदा त्याचा स्वतःचा बाप शेतकरी असतो.

मधल्या सुट्टीत त्यालाच विचारा, काल तुमच्या वस्तीवर बिबट्या आला म्हणे, खरं का? तो असा काही सांगत सुटतो की बाकीच्यांचे डबे उघडेच राहतात.

मुलांची कल्पनाशक्ती कमी पडते, शब्द कमी पडतात, वाचन तर नाहीच, असं आपण शिक्षक मंडळी स्टाफरूममध्ये बोलत असतो. मला अडचण याहून साधी वाटते. सांगताना या मुलासमोर मित्र असतो, लिहिताना लाल पेनवाला परीक्षक. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या परीक्षकाला उठवून तिथे ऐकणारं माणूस बसवण्यासाठी आहेत. शाळेत, ग्रंथालयाच्या उन्हाळी शिबिरात किंवा घरी चार मुलं जमवून कोणालाही हे करता येईल. मोठेपणी स्वतः कथा लिहू पाहणाऱ्यांनीही करून बघावं. त्यांच्याही वहीसमोर तोच परीक्षक बसलेला असतो, फक्त तो आता दिवाळी अंकाचा संपादक झालेला असतो.

वय १२ ते १४ धरलं आहे. चौथीतला मुलगा उडणारी म्हैस बिनधास्त लिहितो. आठवीतला आधी शेजारच्या बाकाकडे बघतो. भाषा पुरेशी आलेली आणि लाजही नुकतीच आलेली, असं हे वय.

परीक्षेचं आधीच बोलून घेऊ, कारण पालक तेच विचारतात. दहावीच्या मराठीच्या, म्हणजे कुमारभारतीच्या, ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला २४ गुण असतात: पत्र किंवा सारांश ६, जाहिरात-बातमी-कथा यांतलं कोणतंही दोन मिळून १०, आणि प्रसंगलेखन-आत्मकथन-वैचारिक यांतल्या एकाला ८. म्हणजे कथेला हात न लावताही पूर्ण पेपर सुटतो, आणि हुशार मुलं नेमकं तेच करतात. जाहिरात आणि बातमी ठरलेल्या साच्यात बसते, गुण कापायला जागा कमी. मुलांना हे उघड सांगावं. परीक्षेचा साचा वेगळा शिकवू, तो दोन आठवड्यांत येतो. या वहीत मात्र तो आणायचा नाही.

आधी वही

शंभर पानी एकरेघी वही पुरे. उजव्या पानावर लिहायचं, तेही एक ओळ सोडून. डावं पान कोरं ठेवायचं, पुढे लागणार आहे. खोडरबर आणि व्हाइटनर दप्तरात. नको असलेल्या वाक्यावर एक आडवी रेघ मारायची, म्हणजे ते वाचता येतं. खोडलेलं वाक्य परत हवंसं वाटणं हे फार वेळा होतं.

नियम दोनच. पहिला, कोणाचीही वही त्याला विचारल्याशिवाय उघडायची नाही. बाईंनीही नाही, आईनेही नाही. दाखवायचं नसलेलं पान घडी घालून ठेवायचं. दुसरा, मुलं लिहीत असतात तेव्हा शिकवणाऱ्यानेही लिहायचं आणि सगळ्यांआधी स्वतःचं वाचायचं. बाई फळ्यावर विषय लिहून हजेरीपट भरत बसल्या की मुलांना कळतं, हा तास उरकायचा आहे.

पहिल्या नियमाला एक अपवाद आहे आणि तो पहिल्याच दिवशी सांगून टाकावा. कोणी मारतंय, कोणी नको तिथे हात लावतंय, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय, असं काही वहीत आलं आणि माझ्या वाचण्यात आलं, तर मी गप्प बसणार नाही. पण आधी तुझ्याशी बोलेन आणि मगच पुढे जाईन. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक वहीच्या आतल्या पानावर सगळ्यांकडून लिहून घ्यावा. मुलं खरं लिहायला लागली की कधीतरी हे येतंच. तेव्हा शैलीबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

वेळेचं म्हणाल तर एक तासिका पुरत नाही, जोड तासिका मागून घ्या. सलग लिहिणं मात्र सात ते दहा मिनिटांचंच ठेवा. उरलेला वेळ बोलणं, ऐकणं आणि हसणं यात जातो, जाऊ द्यावा.

विषय देऊ नका, याद्या मागा

‘माझा अविस्मरणीय प्रसंग’ असा विषय दिला की चाळीसपैकी निम्मी मुलं सहलीला जातात आणि उरलेल्यांना अपघातग्रस्त म्हातारा भेटतो. त्याऐवजी यादी मागावी. यादीत वाक्य नसतं, म्हणून चुकायची भीती नसते, आणि यादी खोटी लिहायला फार कष्ट पडतात. या काही चालणाऱ्या याद्या:

घरातल्या ज्या वस्तूंना हात लावायची मला बंदी आहे.
मी खोलीत शिरलो की मोठी माणसं कशाबद्दल बोलायचं थांबतात.
रात्री कुठून जाताना माझे पाय आपोआप भरभर पडतात.
मला ठेवलेली नावं, आणि ती कोणी ठेवली.
माझ्याकडून हरवलेल्या वस्तू, ज्यांचा घरी अजून पत्ता नाही.

शेवटची यादी सगळ्यांत कामाची. एकाचा कंपासमधला कर्कटक, एकीची नाकातली मोरणी, एकाने घरमालकाच्या गच्चीवर उडवलेलं काकाचं पाकीट. प्रत्येक वस्तूमागे घाम फुटलेली एक संध्याकाळ असते आणि ती अजून संपलेली नसते. एका यादीला तीन मिनिटं, एका बैठकीत तीनच याद्या. मग प्रत्येकाने एका ओळीखाली रेघ मारायची. तो त्याचा विषय, त्यानेच निवडलेला.

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधली मुलं म्हणतात, आमच्याकडे काही घडतच नाही. त्यांना लिफ्टबद्दल, वॉचमनच्या खुर्चीबद्दल आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या भांडणांबद्दल यादी करायला सांगा. पान पुरत नाही.

आधी तोंडाने

रेघ मारलेली गोष्ट लगेच लिहायची नाही. शेजाऱ्याला सांगायची, दोन मिनिटांत. ही पायरी वेळ वाचवायला गाळली जाते आणि तिथेच सगळं बिघडतं, म्हणून इथे जरा थांबतो.

आठवीतल्या एकाने सांगितलेला प्रसंग असा होता: ‘पप्पा काठी घेऊन हिंडत होते. आजीनं मला गव्हाणीत बसवलं न् वर कडबा टाकला. पप्पा दोनदा येऊन बघून गेले, न् म्हैस आपली माझ्या डोक्यावरचा कडबा खायला लागलेली.’ ऐकणारा पोट धरून हसत होता. मग दोघांनी वह्या उघडल्या आणि याने लिहिलं: ‘एकदा माझ्याकडून एक चूक झाली. त्यामुळे माझे वडील माझ्यावर खूप रागावले. मी घाबरून गोठ्यात लपलो. मला फार भीती वाटत होती. शेवटी मला माझी चूक समजली.’

म्हैस गेली, कडबा गेला, आजी गेली. राहिलं ते कोणत्याही मुलाने कोणत्याही गोठ्याबद्दल लिहावं असं. मुलगा आळशी नव्हता की शब्दाला गरीबही नव्हता. वहीत म्हशीला जागा नसते, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. म्हैस विनोदी, आणि निबंध गंभीर असतो. शिवाय परीक्षकाला म्हशीशी काय करायचंय?

यावर उपाय असा. ऐकणाऱ्याच्या हातात एक चिठ्ठी द्यायची. ऐकताना डोळ्यांसमोर जे दिसलं त्यातल्या तीन गोष्टी त्याने लिहायच्या, मत नाही, फक्त वस्तू किंवा हालचाल: ‘काठी. आजीने टाकलेला कडबा. म्हैस तो खाते.’ चिठ्ठी सांगणाऱ्याला परत द्यायची. आता लिहिताना अट एकच, चिठ्ठीतल्या तिन्ही गोष्टी पानावर आल्या पाहिजेत. काय मोलाचं आहे हे सांगणाऱ्याला कळत नाही, त्याला ते रोजचं असतं. ऐकणाऱ्याला कळतं. त्या पोराने चिठ्ठी बघून विचारलं होतं, ‘सर, म्हैस पण घ्यायची?’

एक दिवस ‘भीती वाटली’ बंद

पुढच्या बैठकीत फळ्यावर पाच शब्दप्रयोग लिहून त्यांवर फुली मारायची: आनंद झाला, वाईट वाटलं, भीती वाटली, राग आला, खूप मजा आली. आजच्या दिवसापुरते हे बंद. कायमचे बंद करू नका; साध्या ठिकाणी ‘भीती वाटली’ हेच बरोबर वाक्य असतं.

बंदी घातली की पाच मिनिटांत काय होतं ते बघण्यासारखं आहे. सगळ्यांच्या काळजात धस्स होतं, पायाखालची जमीन सरकते, अंगावर काटा उभा राहतो आणि डोळ्यांच्या कडा ओलावतात. एक तयार माल काढला, त्याच्याखाली दुसरा निघाला. हे वाक्प्रचार परीक्षेला पाठ केलेले असतात, वाक्यात उपयोग करा म्हणून. मुलांवर रागावू नका. दुसरी फेरी घ्या: शरीरात काय झालं ते सोडा, हातांनी काय केलं ते लिहा.

एका मुलीने बारावीचा निकाल लागल्याची सकाळ लिहिली होती: ‘दादानं निकाल बघितला आणि तो चार्जर शोधायला लागला. चार्जर त्याच्या हातातच होता.’ वर्गात यावर चर्चा झाली नाही, कोणी ‘म्हणजे नापास झाला का’ असंही विचारलं नाही. मोठ्यांच्या लेखन कार्यशाळेत या दोन वाक्यांनंतर तिसरं येतं, ‘त्याच्या मनात वादळ उठलं होतं’, आणि लिहिणाऱ्याला ते खोडवत नाही.

पात्राला संध्याकाळपर्यंत काय हवंय

पात्राचं नाव, वय, रंग, उंची, आवडता खेळ असे तक्ते भरून घेण्याची एक पद्धत आहे. तक्ता छान भरतो आणि पात्र खुर्चीतून उठत नाही. मी तीनच प्रश्न ठेवतो. आज संध्याकाळपर्यंत तिला काय हवंय? आडवं कोण येतंय? आणि ते मिळवण्यासाठी ती कोणतं खोटं बोलेल?

‘आज संध्याकाळपर्यंत’ हे महत्त्वाचं, नाहीतर सगळ्यांना आयएएस व्हायचं असतं. आयएएस व्हायला पंधरा वर्षं लागतात आणि आपल्याकडे दोन पानं आहेत. हवंय ते छोटं असू दे: वीस रुपये, सायकलची किल्ली, मधल्या बाकावरची जागा.

तिसऱ्या प्रश्नात हे वय आपल्या सगळ्यांचे बाप आहे. एकदा वर्गाने मिळून गोष्ट रचली. मुलीला मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचंय, घरून परवानगी नाही, म्हणून ती सांगते की सायन्सचा प्रोजेक्ट करायला चाललेय. आई म्हणते, ‘चल, मीच सोडते, तिच्या आईकडून पापडाची ऑर्डर घ्यायचीच आहे बचत गटासाठी.’ आता? वर्गातून एकाच वेळी सात-आठ उपाय आले आणि प्रत्येक उपायाला आणखी एक खोटं लागत होतं. कथानक म्हणजे काय हे त्यानंतर शिकवावं लागलं नाही. माणसाला काहीतरी हवं असतं, तो एक पाऊल टाकतो, त्या पावलामुळेच पुढचं अवघड होतं.

याचाच जोडीदार म्हणजे ‘मग’ची मोजणी. लिहून झालेल्या मजकुरातले सगळे ‘मग’, ‘नंतर’, ‘त्यानंतर’ पेन्सिलने गोल करायचे. प्रत्येकाच्या जागी ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसतो का ते बघायचं. ‘आम्ही महाबळेश्वरला गेलो, मग पॉइंट बघितले, मग स्ट्रॉबेरी खाल्ली, मग घरी आलो.’ इथे एकही बसत नाही, कारण एका गोष्टीमुळे दुसरी घडलेलीच नाही. मुलांना हा खेळ वाटतो. पाठीत पेन्सिल खुपसून शेजारी विचारतो, ‘तुझे किती निघाले?’ बसला नाही म्हणजे चूक असं नाही. पण ओळीने चार बसले नाहीत तर तिथे गोष्ट थांबून दैनंदिनी सुरू झाली आहे.

बोलणं

सहा ओळींचा संवाद. ‘म्हणाला’, ‘उत्तरला’ चालणार नाही, नावंही नाहीत. तरी कोण कोणाशी बोलतंय, दोघांत मोठं कोण, आणि ते कुठल्या बाजूचे, हे कळलं पाहिजे. सातवीतल्या जोडीने लिहिलेला हा:

‘ऊठ की.’
‘उठलोय.’
‘डोळं मिटून उठत्यात व्हय?’
‘देवाचं नाव घेतोय.’
‘घे. बस चुकली की त्यालाच म्हण सोडायला.’
‘आलो, आलो. पाणी तापलंय?’

पात्रांची ओळख करून देणारं एक अक्षर नाही. मराठी या बाबतीत उदार आहे. तू, तुम्ही, आपण. अरे, अगं, अहो, ए. बाबा म्हणतो की पप्पा की अण्णा. नुसत्या हाकेवरून घर समजतं. आई कधी ‘बाळा’ म्हणते आणि कधी आडनावासकट पूर्ण नाव घेते, हे मुलांना सांगावं लागत नाही. फक्त ते वहीत लिहायला परवानगी लागते.

बोलीचा प्रश्न इथे येतो. संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत, ही सोय बहुतेक शिक्षक देतात. मी म्हणतो, हवं तर सगळंच बोलीत लिहू द्या. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, जी घरात असेल ती. काही मुलं एकदा तसं लिहून आपणहून प्रमाणाकडे येतात, काही येत नाहीत, दोन्ही ठीक. एक मात्र सांभाळावं: बोली फक्त विनोदी पात्राच्या तोंडी घालायची नाही. गावाकडचा माणूस बोलला की हसायचं, हे मुलं मालिका बघून शिकलेली असतात. डॉक्टर, सरपंच, दुःखात असलेली बाई, यांच्या तोंडी तीच बोली घालून बघायला सांगा.

जॅक, झोंबी आणि मुंजा

दोन-तीन आठवड्यांत वह्यांमध्ये जॅक आणि एलेना अवतरतात. ओसाड हवेली, मध्यरात्रीचे बारा, झोंबी, कोणाचे तरी निळे डोळे. कुठे गेममधली बंदूक, कुठे ॲनिमेतली तलवार. शिक्षकाचा जीव वरखाली होतो. बंदी घालू नये. या मुलांनी आपणहून पाहिलेल्या, आवडलेल्या गोष्टी एवढ्याच आहेत, आणि आवडीपासून तोडलं तर ती परत रामपूरला जातील. फक्त पत्ता विचारावा. हवेली कुठल्या फाट्यावर आहे? जॅक तिथे कसा पोचला, एसटीने की वडाप रिक्षाने? रात्री बाराला परत यायला गाडी आहे का? झोंबीला बघून गावातली कुत्री काय करतील? दोन-तीन उत्तरांत जॅक आपोआप जयेश होतो. नाही झाला तर त्याला जॅकच राहू द्या, पण वडापमध्ये चेंगरून बसलेला.

भुतांचा तर आपल्याकडे सुकाळ आहे आणि मुलांना ती आजीकडून ठाऊक असतात. रात्री वाट चुकवणारा चकवा, पाण्याजवळचा गिऱ्हा, हडळ, खवीस. त्यात मुंजा माझा लाडका. मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आधी गेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा. म्हणजे तो जवळपास तुमच्याच वयाचा, असं वर्गात म्हटलं की एकदम शांतता होते. त्याला वर बसून शाळेचं मैदान दिसत असेल का? त्याच्या वर्गातली मुलं आता आजोबा झाली असतील, ती ओळखू येत असतील का? या तासाला लिहिलेल्या गोष्टी घाबरवत नाहीत, भलतीकडेच जातात. एकीच्या मुंजाला क्रिकेटमध्ये अंपायर व्हायचं होतं; सगळं वरून दिसतं म्हणून.

मोबाइलकडून लिहून घेतलेली गोष्टही येतेच. ती ओळखायला खास यंत्र नको. तिच्यात कोणी कोणाकडे उसने पैसे मागत नाही आणि कोणाला लघवीला लागत नाही. त्यावर दटावण्यापेक्षा पहिला खर्डा नेहमी वर्गात, हाताने, हा रिवाज ठेवावा.

शेवट

तीन शेवटांवर मी पहिल्या दिवसापासून बंदी ठेवतो. ‘इतक्यात आईने हाक मारली आणि मला जाग आली.’ ‘तेव्हापासून मी ठरवले की…’ आणि नायकाचा अपघाती मृत्यू. तिसरा मुलांना विशेष प्रिय आहे. ट्रक कुठून येतो कळत नाही, पण वेळेवर येतो.

दुसरा शेवट मुलांचा नाही, आपला आहे. कथालेखनाच्या सरावात गोष्टीखाली तात्पर्य लिहायची सवय आपणच लावतो, आणि ते वर चढून गोष्टीत शिरतं. मोठ्यांच्या कथांतही ते असतंच, जरा नटूनथटून येतं एवढंच.

सराव असा. लिहून झालेल्या गोष्टीचा शेवटचा परिच्छेद हाताने झाकायचा आणि उरलेलं मोठ्याने वाचायचं. ऐकणाऱ्यांपैकी कोणी ‘पुढे?’ म्हटलं तर हात एक ओळ खाली. नाही म्हटलं तर शेवट तिथेच होता. म्हशीच्या गोष्टीला मुलाने चुकीची जाणीव, वडिलांची क्षमा असं पाऊण पान जोडलं होतं. वर्गाने ऐकून ‘पुढे’ म्हटलं नाही. गोष्ट कडब्याच्या शेवटच्या पेंढीपाशी थांबली: म्हैस खातेय, पप्पांची पावलं तिसऱ्यांदा वाजतायत. एकाने तक्रार केली, ‘पण सापडला का नाही?’ त्यावर दुसऱ्याने त्याला गप्प केलं, ‘पेंढी केवढी राहिली होती, ऐकलं नाहीस का?’

वाचून दाखवणं

हे खरं म्हणजे प्रत्येक बैठकीत असतं. गोल बसायचं, बाकांच्या रांगा नकोत. वाचायचं नसेल त्याने ‘पास’ म्हणावं, कारण विचारायचं नाही. ऐकणाऱ्यांनी प्रतिक्रिया द्यायची ती तीनच प्रकारची वाक्यं वापरून: ‘मला अमुक दिसलं’, ‘इथे मी हरवलो’, ‘मला विचारायचंय की…’. ‘छान’ बंद आणि ‘बोअर’ही बंद. लिहिणाऱ्याने तेव्हा खुलासा करायचा नाही. ‘नाही, म्हणजे मला असं म्हणायचं होतं’ सुरू झालं की त्याला सांगायचं, जे म्हणायचं होतं ते डाव्या पानावर लिही.

शिकवणाऱ्याने त्या वेळी वही नाही, पाय बघावेत. तेरा वर्षांचं मूल सभ्यतेने कंटाळत नाही. गोष्ट सैल झाली की चपला घासल्या जातात, पट्टी वाजते, कोणीतरी खिडकीबाहेर बघतं. मी हातातल्या कागदावर फक्त तेवढ्या जागा टिपतो आणि नंतर लिहिणाऱ्याला देतो. बहुतेक वेळा तिथे हवामानाचं वर्णन असतं. पहाट, पक्ष्यांचा किलबिलाट, मंद वारा. मोठ्या लेखकांनी आपली कथा अशा वर्गात वाचावी, असं मला फार वाटतं. मित्रमंडळात सगळे ‘वा!’ म्हणतात; इथे पट्टी वाजते.

दुसरा खर्डा, आणि ऱ्हस्व-दीर्घ

‘पुन्हा लिहून काढा’ म्हटलं की मुलं सुंदर अक्षरात तेच लिहून आणतात. त्यांच्या लेखी पुन्हा लिहिणं म्हणजे शिक्षा. शंभर वेळा लिहा, त्यातलंच. म्हणून सगळं लिहायला सांगू नये. एक वाक्य, एक परिच्छेद, एवढंच, तेही कोऱ्या डाव्या पानावर. मी सांगतो ती कामं अशी: पहिली तीन वाक्यं काढून गोष्ट चौथ्यापासून सुरू होते का बघ. ‘मी’चा ‘तो’ कर. गोष्ट आजीच्या बाजूने सांग. शेवटच्या कामात सगळ्यांत जास्त उलथापालथ होते. म्हशीवाल्या मुलाला आजीच्या बाजूने लिहिताना पहिल्यांदा प्रश्न पडला की आजीने नातवाला स्वतःच्या मुलापासून का लपवलं असेल. त्याची दुसरी गोष्ट तिथून निघाली.

शुद्धलेखन अगदी शेवटी, आणि ते खरोखर छापायचं असेल तेव्हाच. पहिल्या खर्ड्यावर लाल गोल केले की मुलं ज्या शब्दांचं ऱ्हस्व-दीर्घ येतं तेवढेच शब्द वापरतात. मग गव्हाण, मोरणी, वडाप कुठून यायची. शेवटच्या फेरीत प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या चुकांची पाचच शब्दांची यादी द्यायची. ‘आणि’चा ‘णि’ ऱ्हस्व, ‘की’ दीर्घ, यांपासून बहुतेकांची सुरू होते. सगळ्या वर्गाला एकच नियमावली देण्यापेक्षा हे लवकर लागू पडतं.

हस्तलिखित

ऐकणारा माणूस खरा हवा, म्हणून शेवटी काहीतरी निघालं पाहिजे. छपाईचा खर्च नको. शाळांची जुनी हस्तलिखिताची रीत उत्तम आहे. ए-फोर कागद, एका बाजूला लेखन, चित्रं वर्गातल्याच मुलांची, संपादक मंडळ तिघांचं. अंक कसा लावतात हे दाखवायला बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक चाळायला द्यावेत. ते १९७१पासून निघतंय आणि जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. तारीख आधी जाहीर करा, म्हणजे काम होतं: १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन किंवा २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, शाळेत कार्यक्रम असतोच.

छापण्याआधी प्रत्येकाला एकट्याला गाठून विचारायचं, यातलं कोण घरी वाचणार आहे? गोष्टीतले काका खरे असतील तर नुसतं नाव बदलून भागत नाही. त्यांची मिशी, दुकान आणि बुलेटही बदलावी लागते. मुलाने नको म्हटलं तर ती गोष्ट अंकात नाही, कितीही चांगली असली तरी. मुख्याध्यापकांना आधी वाचायला द्यावं लागतं. ते दोन शब्द काढायला सांगतील. कोणते काढायचे आणि कोणत्यासाठी भांडायचं, हे संपादक मंडळाला ठरवू द्या, बोलायलाही त्यांनाच पाठवा.

मूळ प्रत वर्गात राहते. दोन झेरॉक्स काढून त्यातली एक शाळेच्या ग्रंथालयात द्यायची, दाखल नोंदवहीत क्रमांक घालून. क्रमांक पडला की ते पुस्तक होतं, आणि मग पुढच्या वर्षीच्या सहावीतल्या कोणालाही ते सही करून आठवडाभर घरी नेता येतं.